मंचावरचा ॲम्प्लिफायर

नवं राज्य झालं त्या साली खामगावात हाताने ॲम्प्लिफायर बनवणाऱ्यांचं प्रदर्शन भरलं. उद्घाटनाच्या भाषणातच मंचावरचा वैजनाथचा ॲम्प्लिफायर घुरघुरायला लागला, तसे संयोजक उकंडरावांच्या टेबलापाशी धावत आले.

"तुमचा द्या बा. इतका साफ आवाज इथं कोणाचाच नाही."

उकंडरावांनी मोठ्या ऐटीत तो स्वतः मंचावर नेऊन जोडला. वैजनाथचा परत त्याच्या टेबलावर गेला. भाषणं चालू असताना टेबलांवरची यंत्रं लावायला बंदी होती, म्हणून परीक्षक नुसते डबे पाहत फिरले. उकंडरावांच्या रिकाम्या टेबलापाशी ते थांबलेच नाहीत.

संध्याकाळी मंचावरून पहिलं बक्षीस पुकारलं गेलं. शेवटच्या रांगेत बसलेली उकंडरावांची बायको त्यांच्याकडे न पाहताच म्हणाली, "इतक्या मांगं बसूनही वैजनाथचं नाव कसं साफ आयकू आलं."