अकरा ते सव्वाअकरा

अकरा वाजायला मिनिटभर कमी असताना ऑपरेटरबाईंनी हॉस्पिटलच्या पानाचा पत्ता टाइप केला आणि एंटर दाबलं.

"हे पान सुरक्षित नाही," मास्तर म्हणाले. "परत जा."

मास्तर म्हणजे कॉम्प्युटरमधला आवाज. पडद्यावर जे उमटेल ते तो वाचून दाखवायचा, हजेरी घेतल्यासारखं, सगळं एका सुरात. बाईंना जन्मापासून दिसत नव्हतं. सत्तावीस वर्षं टेलिफोनच्या लाइनी जोडून त्या निवृत्त झाल्या तेव्हा हे मशीन घरी आलं, आणि मास्तर याच जुन्या मशीनवर बोलायचे. दुरुस्तीवाला दर खेपेला म्हणायचा, "बाई, या डब्याला आता त्याची कंपनीसुद्धा ओळखत नाही. नवा घ्या." बाई विचारायच्या, "नव्यात मास्तर येतील?" मग तो पंख्यातली धूळ झाडायचा.

"परत कुठं जाऊ?" बाई पुटपुटल्या आणि टॅबची कळ दाबत राहिल्या. तिसऱ्या खेपेला 'तरीही पुढे जा' सापडलं.

"तुमचा ब्राउझर जुना आहे. कृपया अद्ययावत करा. चित्र. चित्र. बटण, नाव नाही. बटण, नाव नाही."

बिननावाचं पहिलं बटण दाबलं तर पान मुळापासून पुन्हा उघडलं. दुसरं दाबलं तर काहीच झालं नाही.

काल दुपारी एका मुलीचा फोन आला होता. "आत्या, तुम्ही मला ओळखत नाही," म्हणाली, आणि रडायलाच लागली. तिचे बाबा, म्हणजे बाईंचा भाऊ, अतिदक्षता विभागात होता. गळ्याला भोक पाडून नळी घातलेली, बोलता येत नव्हतं. आत कुणाला सोडत नव्हते, फोनही नेऊ देत नव्हते. रोज अकरा ते सव्वाअकरा नर्स त्याच्यापुढे एक स्क्रीन धरायची, तिच्यावर तो बोटानं लिहायचा, आणि घरच्यांपैकी एकाला हॉस्पिटलच्या पानावरून त्याच्याशी बोलता यायचं. "आज मी होते. उद्या तुम्ही या. बाबांनी तुमचं नाव लिहून दाखवलं. दोनदा."

बाईंनी मनगटावरच्या घड्याळाचं झाकण उघडलं आणि काट्यांवरून बोट फिरवलं. अकरा वाजून सात मिनिटं.

त्या पानाच्या तळाला गेल्या. नियम, अटी, तक्रार, संपर्क, सगळं ऐकत. लोक जिथं बघतही नाहीत तिथं मास्तर म्हणाले, "फक्त मजकूर. जुन्या यंत्रांसाठी."

बाईंनी एंटर दाबलं. पान उघडायला आणखी दोन मिनिटं गेली.

"एक संदेश," मास्तर म्हणाले. "ताई. दिसत नाहीस."

बाईंचा हात कळांवर थबकला. एकतीस वर्षांनी भावाची हाक आली होती, आणि ती आली मास्तरांच्या गळ्यातून. मग त्यांनी भराभर लिहिलं. "या मशीनला कॅमेरा नाही. आणि मला तरी तू कधी दिसलास? इथंच आहे मी. बोल."

"लिहीत आहे," मास्तर म्हणाले. थांबले. "लिहीत आहे."

मग संदेश आला. मास्तरांनी तो इतर सगळ्यासारखाच वाचला. "कडी आईने नाही. मी लावली."

भावाच्या लग्नाचा दिवस. बाहेर पाहुण्यांच्या पंगती बसल्या होत्या. आंधळी बहीण कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून तिला मागच्या खोलीत बसवलं होतं, आणि दाराला बाहेरून कडी घातली होती. संध्याकाळी आईनं दार उघडलं आणि म्हणाली, "मीच लावली गं. मला माफ कर." दुसऱ्या दिवशी बाईंनी घर सोडलं ते कायमचं. आई जाईपर्यंत त्या दोघींमध्ये पुन्हा तो विषय निघाला नाही.

बाईंनी पदरानं तोंड पुसलं. उत्तर लिहायला त्यांना वेळ लागला नाही. ते एकतीस वर्षं तयार होतं.

"माहीत आहे. कडी लागली तेव्हा दारापाशी तुझी पावलं होती. लावलीस, आणि बराच वेळ तिथंच उभा होतास."

पाठवलं.

"लिहीत आहे," मास्तर म्हणाले.

त्या खुर्चीत पुढे सरकल्या.

"लिहीत आहे. लिहीत आहे."

खूप वेळ तेवढंच. मग शेजारी ठेवलेला फोन वाजला. भाची होती.

"आत्या, वेळ संपली. नर्सनं मघाशीच स्क्रीन काढून नेली. बाबा डोळे मिटून पडलेत, पण चेहरा शांत आहे, असं म्हणाली. झालं का तुमचं बोलणं?"

खोलीत मास्तर त्याच सुरात चालू होते. जुन्या मशीनवर पान असं अडकून बसायचं, हे बाईंना पाठ होतं. ते पुन्हा उघडायची कळ त्यांच्या बोटाखालीच होती. त्यांनी बोट उचलून मांडीवर ठेवलं.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "तो अजून लिहितोय."