उजव्या कुशीतली कळ

"दाब आणि एकदम सोड," कौमुदी फोनवर म्हणाली. "सोडल्यावर जास्त दुखतंय का, ते पेशंटला विचार."

आयर्लंडमधल्या पोर्टलीशच्या घरात ती चौदा दिवसांसाठी अडकून पडली होती. वॉर्डातल्या एकाची कोविडची टेस्ट पॉझिटिव्ह आली आणि सर्जनबाईंची रवानगी घरी झाली. नवरा तर कुठल्या कुठे अडकलेला. चंद्रहास वर्षभरासाठी अंटार्क्टिकावरच्या संशोधन तळावर गेला होता. तळावर तेवीस माणसं आणि डॉक्टर हा एकटाच. जून महिना, म्हणजे तिकडे ऐन हिवाळा. नोव्हेंबरपर्यंत विमानाचं नाव काढायचं नाही.

पेशंट म्हणे प्रल्हाद नावाचा जनरेटरचा मेकॅनिक. तीन दिवस उजव्या कुशीत, खाली, जीवघेण्या कळा. ताप नाही, उलटी नाही, पण झोपही नाही. इंजेक्शनांनी ढिम्म फरक नाही. चंद्रहासच्या मते अपेंडिक्स. ते फुटलं तर माणूस हातचा जाणार, म्हणून पोट आजच उघडायचं. मदतीला तळावरचा स्वयंपाकी बाळू. चंद्रहासने शेवटची सुरी हातात धरली होती इंटर्नशिपमध्ये, तीही सरांच्या नजरेखाली.

ती कान देऊन ऐकत राहिली. पेशंटला काही विचारल्याचं ऐकू आलं नाही. ऐकू आलं ते एक कण्हणं, अगदी फोनच्या तोंडाशी. अकरा वर्षं संसार केलेल्या बाईला आपल्या नवऱ्याचं कण्हणं ओळखू येणार नाही होय?

"चंद्रहास, पेशंट कोण आहे?"



"मीच," तो म्हणाला. "खरं सांगितलं असतं तर तू डॉक्टर राहिली नसतीस, बायको झाली असतीस. भूल तेवढ्याच भागाची घेणार आहे. बाळू आरसा धरेल."

राग तर असा आला की समोर असता तर दोन ठेवून दिल्या असत्या. पण तो समोर नव्हता, आणि तासाभरात स्वतःचं पोट कापायला बसणार होता. तिने डॉक्टरच राहायचं ठरवलं.

"तुला तपासलं कुणी?"

"मीच की."

"म्हणजे कुणीच नाही. बाळूला बोलाव आणि शर्ट काढ."

"शर्ट कालपासून घातलेलाच नाही. दार लावून उघडाच बसलोय. कापड नुसतं लागलं तरी आग होते." तोवर दार उघडून बाळू आत आल्याचं ऐकू आलं.

"आणि हे तू मला आत्ता सांगतोयस? पाठ कर त्याच्याकडे! बाळू, दिवा जवळ घ्या. पाठीवर काय दिसतंय ते नीट बघून सांगा मला."

कौमुदीने फोनचा आवाज पूर्ण वाढवला.

"म्याडम, मणक्यापासनं उजव्या अंगाला पट्टा उठलाय की! बारीक बारीक पाण्याचे फोड. आमच्या आईला झाल्ती. ही नागीण हाय."

नागीण! आधी नुसती आग नि कळा, फोड मागाहून. ते उठलेही होते, पण साहेबांना स्वतःला दिसणार नाहीत अशा जागी. दुखेल, आणखी पंधरा दिवस छळेल, पण जीव जायचा नाही. सुरीला हातही लावायचा नाही. कौमुदी स्वयंपाकघरात फरशीवर मटकन बसली. हसू आणि रडू दोन्ही एकदम फुटलं.

"ग्रँड!" ती किंचाळली; आयर्लंडात 'सगळं ठीक आहे' म्हणायला हाच शब्द, तोच तोंडात बसलेला. "बाळू, एकदम ग्रँड!"

पलीकडे बाळूने फोनवर हात ठेवला, तरी त्याचं दबकं बोलणं तिला स्पष्ट ऐकू आलं.

"सायेब, जरा जपून ऱ्हावा बरं का घरी गेल्यावर. तुमास्नी नागीण झाली म्हणून म्याडम नाचाय लागल्यात."