आकडा नऊ

जेचन शहरातल्या एका शाळेत भर डिसेंबरातही वर्गातले हीटर नावालाच लागायचे, आणि वर्गात जाड कोट घालायला मनाई होती. मुलांनी तक्रार केली की उपमुख्याध्यापक माँग सर म्हणायचे, "थंडी मनात असते. अभ्यासात लक्ष घाला, आपोआप पळेल."

सोयुल नुकतीच प्रोग्रामिंग शिकत होती. मुलांचे पहिलेवहिले प्रोग्राम पालकांना दाखवायचा दिवस आला, तेव्हा तिने आपला मोठ्या पडद्यावर लावला. तिच्या बाकाखाली चिकटवलेला इवलासा सेन्सर वर्गाचं तापमान त्या क्षणी दाखवत होता. आकडा होता नऊ.

पालकांत कुजबुज सुरू झाली. माँग सर हसतमुखाने तिच्याजवळ गेले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "बंद कर ते. आधीच सांगतोय, महागात पडेल."

सोयुल जागची हलली नाही. "थंडी मनात असते ना सर? मग आकडा दिसला तर काय बिघडलं?"

सरांनी स्वतःच तिच्या लॅपटॉपची वायर उपटली. सोयुल जागेवर जाऊन बसली. घाम पुसत सरांनी पुढच्या मुलीला, बोरामला, बोलावलं.

"माझाही पहिलाच प्रोग्राम आहे," बोराम पालकांना वाकून नमस्कार करत म्हणाली. "खरं तर सोयुलचाच घेतलाय. मी फक्त सेन्सरची जागा बदलली."

 

पडद्यावर अक्षरं उमटली: शिक्षकांची खोली, पंचवीस.