पहिला पाहुणा

घड्याळजींच्या घरी सणाला पहिला पाहुणा ठरलेला, भिंतीपलीकडचे शिंपीचाचा. या वर्षी मात्र चाचांचा मुलगा आडवा आला. घड्याळजींच्या खांद्यावर बसून शाळेत गेलेला मुलगा!

"अब्बा, नुसत्या शुभेच्छा दिल्या तरी त्यांचा सण मानल्यासारखं होतं."

"अरे, मी काय तिथे हात जोडायला जातोय? भेटून येतो."

"मौलानांना विचारा हवं तर."

चाचांनी विचारलं. मौलाना म्हणाले, "काहीजण सूट देतात, पण जपलेलं बरं." चाचा घरातच बसले. पलीकडे घड्याळजी संध्याकाळपर्यंत दारातल्या खुर्चीवर कुणाला बसू देईनात. "आमचा शिंपी यायचाय. कामात अडकला असेल."

सण उलटला, तरी चाचा तोंड चुकवतच राहिले. काय सांगणार होते? मग एका सकाळी भिंतीपलीकडून रडण्याचा आवाज आला. घड्याळजी गेले होते. हातातलं शिवणकाम टाकून चाचा धावले, पण उंबऱ्यातच थबकले आणि मुलाच्या तोंडाकडे बघत राहिले.


"जा ना, अब्बा," मुलगा म्हणाला. "मयताला जायला काही हरकत नाही."