फकिराची जन्मतारीख

देवीदासने सकाळपासून एकेचाळिसाव्यांदा ‘एक जुलै’ लिहिलं आणि टाक टेबलावर आपटला. शाईचे तीन थेंब फॉर्मवर उडाले.

“हे शक्यच नाही, जानरावजी. एकेचाळीस माणसं एकाच तारखेला जन्मायची म्हणजे... मी आकडेमोड केली. दशांश चिन्हानंतर शंभरावर शून्यं येतात.”

“मंग नोको करू आकडेमोड,” शेजारच्या खिडकीवरचे जानराव मान वर न करता म्हणाले. “मानसाले सालच माईत नसते, तारीख कुठून आनन थो? एक जुलै टाक अन् मोकळा हो. सायबाले रकाना भरलेला पायजे.”

एकोणीसशे अठ्ठावन्नच्या त्या मे महिन्यात भिलाईचं मजूरभरतीचं ऑफिस म्हणजे तापलेली पत्र्याची शेड होती. बाहेर पोलाद कारखान्याच्या भट्टीचा सांगाडा रोज थोडा वर चढत होता. देवीदास नागपूरचा बी.एस्सी., रसायनशास्त्राचा. प्रयोगशाळा उभी राहीपर्यंत त्याला इथे फॉर्म भरायला बसवलं होतं, आणि दीड महिना तो खोट्या तारखा लिहून चडफडत होता. कॉलेजपासून त्याची एक वही होती. वर्षातल्या प्रत्येक तारखेला जगात काय घडलं, ते तो तिच्यात टिपून ठेवी आणि रोज सकाळी जानरावांना वाचून दाखवी. आजही दाखवलं होतं: आठ मे, लाव्हाझिए या थोर रसायनशास्त्रज्ञाचा शिरच्छेद.

“मंग आपल्याले सुटी भेटन का?” जानरावांनी विचारलं होतं.

खिडकीत पुढचा माणूस आला. हाडापेराने काटक, डोक्याला मळकं पागोटं. नाव फकिरा. त्याच्या गावाहून नऊ जण आले होते आणि आठ जण पास झाले होते. त्यांत त्याची विधवा मुलगी नलूही होती. समोरच्या झाडाखाली ती दोघांचं गाठोडं घेऊन बसली होती. गावी आता घराला कुलूप होतं.

“जन्म केव्हाचा, बाबा?” देवीदासने सवयीने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता टाक बुडवला.

“माय सांगे, दिवसा अंधार पडला अन् मी झालो. भर दुपारी. कोंबड्या खुराड्यात गेल्या. सुईन भेवून पयाली.”

टाक थांबला. “कोणतं गाव?”

“तळणीजवळचं. त्या दिवशी टेसनापाशी गोरे सायेब मोठमोठे नळे लावून आभायाकडे पाहून राहिले होते म्हने.”

देवीदासने वही ओढली आणि जानेवारी उघडला. तिथे त्याच्याच अक्षरात होतं: बावीस जानेवारी, अठराशे अठ्ठ्याण्णव. खग्रास सूर्यग्रहण. सावली वऱ्हाडावरून गेली. तळणीस इंग्रज ज्योतिर्विद. हे कोणालाच वाचून दाखवायची वेळ आली नव्हती. आणि आज तो दिवस पागोटं बांधून खिडकीत उभा होता.

“बाबा, तुमची तारीख सापडली! बावीस जानेवारी. शनिवार होता.”

“शनवार?”

“शनिवार. दुपारी एक वाजून गेल्यावर.”

फकिराने ते त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. देवीदासने वळणदार अक्षरात दीड महिन्यातली पहिली खरी तारीख लिहिली. पुढचा रकाना वयाचा होता. त्याने वजाबाकी केली.

साठ.

पन्नाशीवरच्याला घ्यायचं नाही, असा हुकूम त्याच्या डोक्यावरच भिंतीला डकवलेला होता.

“आता कावून थांबला?” जानराव वाकून बघत म्हणाले. मग त्यांनी कपाळाला हात लावला. “कोनं सांगतलं होतं तुले शोधाले? खोड थे. एक जुलै एकोनीसशे दहा टाक, अन् पाठव त्याले आत.”

देवीदासला स्वतःचा असा राग आला की कान तापले. माहीत नसताना आजच एकेचाळीस खोट्या तारखा त्याच्या हातून गेल्या होत्या. ही एक त्याला माहीत होती. झाडाखाली नलू मान उंच करून इकडेच बघत होती. त्याने दात आवळले आणि खोडायला टाक टेकवला.

फकिराचा रुंद पंजा कागदावर येऊन बसला.

“खोडू नोका.”

“बाबा, काम जाईल तुमचं. एकटे परत जाल.”

“खोडू नोका म्हनतो न. थेवढा तुकडा फाडून द्या मले.”

देवीदासने पट्टी धरून तारखेचा तुकडा फाडून दिला. फकिराने त्याची बारीक घडी केली, पागोट्यात खोचली आणि तो झाडाकडे निघून गेला. देवीदासने मान खाली घातली. त्यानंतरचे नऊ फॉर्म त्याने कोणाच्याही तोंडाकडे न बघता भरले. वही त्याने खणात टाकली. पुन्हा कोणाला काही विचारायचं नाही, असं त्याने ठरवून टाकलं.

तासाभराने शेजारच्या खिडकीवर ओळखीचा आवाज आला.

“जन्मतारीख?” जानराव विचारत होते.

“एक जुलै एकोनीसशे दहा,” फकिरा म्हणाला. पापणीही लवली नाही.

जानरावांनी लिहिलं, अंगठा घेतला, कागदावर शिक्का मारला. देवीदास खुर्ची मागे ढकलून उठला.

“बाबा! हेच सांगायचं होतं, तर मग तो तुकडा कशाला नेलात?”

फकिराने अंगठ्याची शाई धोतराला पुसली, पागोट्यातली घडी चाचपली आणि लहान मुलाची समजूत काढावी तसा तो म्हणाला, “सरकारले एक तारीख पायजे होती, देल्ली. थे मायी होय, बाबू.”