पायापुरता उजेड

“आता कुठे पडतोय?”

“माझ्या चपलांवर,” रिकाम्या थिएटरच्या मधल्या रांगेत बसलेली झाडूवाली म्हणाली. “वर तोंडही आहे मला. ते दिसतंय का?”

“नाही.”

“मग जमलं तुझं काम. माझं तोंड बघून कोणाचं भलं झालंय?”

डोअरकीपर हसला नाही. बोटाएवढा तो टॉर्च त्याने पुन्हा उलटासुलटा करून पाहिला. मॅनेजरने नवा आणून दिला तेव्हा त्याचा उजेड असा पांढराफटक होता, की सीट दाखवायला जावं तर अख्खी रांग डोळ्यांवर हात धरायची. याने आधी काचेवर बटर पेपर चिकटवला; उजेड आणखीनच पसरला. मग गोळीचा पिवळा कागद लावला. डोळ्यांना बरं वाटलं, पण तोंडं दिसायचीच. शेवटी सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा टॉर्चच्या डोक्यावर मोज्यासारखा चढवला आणि खालून तिरका कापला. आता बशीएवढं पिवळं वर्तुळ पायांपाशी पडायचं. त्यापलीकडे मिट्ट काळोख.

“चप्पलचोराला बरा आहे,” झाडूवाली उठत म्हणाली.

गिऱ्हाइकांची तक्रार होती म्हणून केलं, असं तो सगळ्यांना सांगायचा. खरं कारण त्याच्या पोटात होतं.

मागे एका बुधवारी दुसरा डोअरकीपर, याचा जोडीदार, आजारी पडला आणि दुपारचा खेळ याच्या गळ्यात आला. एरवी बुधवारी याची सुट्टी. शेवटच्या रांगेत कुजबुज चालली होती म्हणून त्याने टॉर्च मारला, तर उजेडात लख्ख दिसले भावजी. ताईचा नवरा. शेजारच्या बाईने झटकन स्कार्फमध्ये तोंड लपवलं आणि त्यांच्या खांद्यामागे दडी मारली. भावजींचे डोळे मिचमिचले. उजेडाने की आणखी कशाने, कोण जाणे. याने टॉर्च विझवला आणि चोरी आपणच केल्यासारखा, पाय न वाजवता निघून आला.

आई गेल्यावर ताईनेच त्याला वाढवलं होतं. चाळिशी उलटली तरी तिच्या लेखी तो छोट्याच. आणि या छोट्याच्या तोंडून तिच्यापुढे शब्द फुटेना.

बरं, सांगायचं तरी कुठे? दोन खोल्यांत सात माणसं. सासूबाईंची खाट ताईच्याच खोलीत, मुलांची अंथरुणं पार दारापर्यंत. त्या घरात दोन माणसांना निवांत बोलायला कोपरा म्हणून नव्हता. दर रविवारी तो ठरवून जायचा आणि तिच्या हातचं पोटभर जेवून परत यायचा. ते अन्न काही अंगी लागत नव्हतं.

मागच्या रविवारी ताईने त्याला टॉर्चसाठी कापडी पिशवी दिली. बुधवारी दुपारी ती शिवणक्लासला जायची. टाके असे वाकडेतिकडे, की टॉर्च खालून डोकावायला लागला.

“इतके दिवस क्लासला जाऊन हेच शिकलीस?”

“बाई फार लाड करतात रे आमचे,” ताई म्हणाली.

“तुझा उजेड डोळ्यांत जातो, छोट्या,” भावजी ताटावरची मान न उचलता म्हणाले. “जरा खाली धरत जा.”

त्याने उचललेला घास ताटात परत ठेवला. सरळसरळ तंबीच ती. ताईने पटकन तोंड ओट्याकडे फिरवलं. तिचे खांदे हलत होते. म्हणजे हिला कळलंय, आणि बिचारी मुकाट रडतेय.

निघताना तिच्या चपलेचा पट्टा तुटलेला दिसला. दुसरं काही देता येत नव्हतं, म्हणून त्याने टॉर्चची हिरवी दोरी सोडवली आणि खाली बसून पट्टा बांधून दिला. गाठ मारून झाली तरी तो उठेना.

“एवढ्यात नवी चप्पल शिवून झाली असती,” ताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्याने टॉर्च खोलला. पुन्हा कोणाचंच तोंड दिसायला नको.

पण टॉर्च झाकला तरी मन झाकेना. काल, मंगळवारी, तो पुन्हा ताईकडे गेला. ताई बाजारात गेली होती. घरात एकट्या मावशी होत्या, तिच्या सासूबाई. त्यांनी नुसतं “सुकलास रे” म्हटलं आणि याच्या तोंडून सगळं बाहेर पडलं. मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं. बुधवारी जादा काम असतं असं सांगतो मेला, म्हणाल्या. मग चष्मा काढून मांडीवर ठेवला.

“उद्या मला घेऊन चल. माझ्या घरात खोटं बोलणाऱ्याला जागा नाही. मग तो पोटचा असो नाहीतर कोणीही.”

आपण ताईचं घर वाचवतोय की मोडतोय, हे त्याला रात्रभर ठरवता आलं नाही. तरी सकाळी त्याने जोडीदाराकडून दुपारची पाळी मागून घेतली.

खेळ सुरू झाल्यावर मावशी आल्या. अंधारात त्यांनी त्याचा दंड घट्ट धरला. दोघं पायऱ्या चढून शेवटच्या रांगेपाशी आले. कोपऱ्यात एकमेकांना टेकलेले दोन आकार होते. पडद्यावर सूर्य उगवला तेव्हा भावजींचं टक्कल चमकलं. शेजारी तोच स्कार्फ.

“तोंड दाखव तिचं,” मावशी त्याच्या कानाशी म्हणाल्या.

“याचा उजेड तोंडापर्यंत जात नाही, मावशी.”

“जाईल तिथवर दाखव. थांब, चष्मा पुसू दे.”

थांबायचं त्याला सुचलं नाही. त्याने बटण दाबलं. बशीएवढं वर्तुळ जमिनीवरून सरकत गेलं. भावजींचे तपकिरी बूट. त्यातल्या एका बुटावर निवांत विसावलेलं अनवाणी पाऊल. आणि बाजूला काढून ठेवलेली चप्पल, तिच्या पट्ट्याला हिरव्या दोरीची गाठ.