वाईट बातमी सांगण्याची पद्धत

"बाकी सगळं पसंत आहे म्हणतात संपादक," मॅडम पडद्यावरचा मजकूर वाचत म्हणाल्या. "फक्त आईची भूमिका करणाऱ्या मावशींना तयार कसं केलं, ते लेखाच्या 'पद्धती' या भागात सविस्तर लिहा म्हणे."

"सविस्तर?" ताई हसल्या. "शब्दमर्यादा तर आपण कधीच ओलांडलीय. आता एक ओळ घालायची तर एक ओळ मारावी लागेल."

मॅडम डॉक्टरकीच्या विद्यार्थ्यांना शिकवायच्या, ताई नर्सिंगच्या मुलींना. घरातलं माणूस गेल्याची बातमी नातेवाइकांना कशी सांगावी, हे पुस्तक वाचून येत नाही. म्हणून दोघींनी मिळून एक प्रयोग मांडला होता आणि आईच्या भूमिकेसाठी एका नाटकमंडळीकडे कलावंत मागितली होती. एका छोट्या खोलीत मावशी बसायच्या. विद्यार्थी आत जाऊन त्यांना सांगायचा, तुमचा मुलगा अपघातात गेला. एकतर्फी काचेमागून या दोघी पाहायच्या.

त्यावरच्या लेखाला आधी दोन नियतकालिकांनी वाटाण्याच्या अक्षता लावल्या होत्या. तिसऱ्याने दार किलकिलं केलं होतं. मॅडमची बढती त्या फटीत अडकली होती.

"मावशींना शिकवलं कोणी पण?" मॅडमनी विचारलं.

"नाटकवाल्यांनीच शिकवून पाठवलं असणार. पहिल्या दिवशी मी बाहेर गेले, तर बाकावर पिशवी घेऊन वाट बघत बसलेल्या. हाताला धरून आत आणलं, खुर्चीत बसवलं. एक शब्द सांगावा लागला नाही. तेव्हापासून दर सत्राआधी त्याच बाकावर सापडतात."

"त्या दिग्दर्शकाला विचारून बघ."

"तो दौऱ्यावर. मेल्याचा फोन लागला तर शपथ."

"मग मावशींनाच विचारू. आज आहेतच की त्या."

दुपारच्या सत्राला एक उंच, घामेजलेला विद्यार्थी होता. आत गेला, खुर्ची जवळ ओढली, शिकवल्याप्रमाणे थोडा थांबला. मग त्याने सांगितलं.

मावशींनी मान हलवली. "नाही रे बाळा," त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "सकाळीच चहा पिऊन गेलाय तो. दुसरं कोणी असेल."

विद्यार्थ्याने पुन्हा सांगितलं, आणखी हळू. मावशींचा चेहरा एकेका दिव्याने घर विझत जावं तसा विझला. त्यांनी हात पुढे केला आणि त्या पोराच्या शर्टाचं वरचं बटण लावलं. मग काढलं. मग परत लावलं.

काचेमागे मॅडमच्या अंगावर काटा आला. इतक्यांदा पाहूनही दर वेळी यायचा. मावशी कधी ओरडायच्या, कधी गप्प व्हायच्या, कधी घरी स्वयंपाक पडलाय म्हणून उठू लागायच्या. एकदा केलेलं दुसऱ्यांदा नाही. बाहेर येणारा विद्यार्थी मात्र दर वेळी वेगळाच माणूस होऊन यायचा. लेखाचा निष्कर्षही तोच होता: काळजाला भिडून पुन्हा पुन्हा अनुभवलेलं महिनोन्महिने पुसलं जात नाही.

"त्या ठीक आहेत ना, मॅडम?" विद्यार्थ्याने डोळे पुसत विचारलं.

"अरे, कसलेल्या कलावंत आहेत त्या. तू पाणी पी."

मॅडम आत गेल्या. मावशी पदराशी चाळा करत बसल्या होत्या. गाल अजून ओले होते.

"मावशी, एक विचारू? दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं कसं काय जमतं तुम्हाला?"

"काय ऐकल्यासारखं?"

मॅडम हसल्या. "तेच ते. बातमी."

मावशींनी त्यांना नीट न्याहाळलं. "तुम्ही कोण? घरी कळवलंत का कोणाला?"

भूमिका अंगातून उतरायला वेळ लागतो, हे मॅडमनी कुठेतरी वाचलं होतं. तरी त्या थंडगार नजरेने त्या जरा चरकल्या. "चला, खाली सोडते तुम्हाला," त्या म्हणाल्या. जाता जाता मनात त्यांनी ओळही जुळवली: सदर कलावंत अनुभवी असल्याने वेगळ्या प्रशिक्षणाची गरज भासली नाही.

जिन्याच्या वळणावर चाळिशीचा एक माणूस धावत वर येत होता. मावशींना पाहून तो कठड्याला टेकला.

"सापडली एकदाची," तो म्हणाला. "माफ करा हं. खाली लक्ष ठेवायला माणसं असतात, पण डोळा चुकवून निसटते. तुम्हाला त्रास झाला असेल."

"त्रास कसला? आमचा सगळा लेख यांच्यावर उभा आहे. तुम्ही नाटकमंडळींकडून का?"

"नाटक?" तो गोंधळला. "मी मुलगा यांचा. खाली स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांना दिवसभर सांभाळणारं केंद्र आहे ना, तिथे सोडतो आईला. सकाळचं दुपारी आठवत नाही तिला. जेवली की नाही, तेसुद्धा नाही." त्याने हात पुढे केला. आवाज एकदम लहान मुलाचा झाला. "चल आई. घरी जाऊ."

मॅडमनी जिन्याचा कठडा धरला.

मावशी एक पायरी मागे सरकल्या आणि मॅडमच्या कानाशी आल्या.

"हा रोज येतो हो," त्या कुजबुजल्या. "चेहरा अगदी माझ्या मुलाचा. मला नाही सांगवत त्याला, तो गेला म्हणून. तुमच्यातल्या एखाद्या मुलाला सांगायला लावा ना. फार हळुवार सांगतात ती."